दाराची काच

बाईंनी आपली खुर्ची ओढून भिंगरीच्या खुर्चीला भिडवली, पुस्तकाचं पान तळहाताने सपाट केलं आणि पेन्सिलीचं बोथट टोक ओळीखाली टेकवलं.

"हं. सावकाश," त्या म्हणाल्या. "आपल्यामागे काही कुत्रं लागलेलं नाही."

भिंगरी हसली नाही. तिने ओठांवरून जीभ फिरवली, एक शब्द वाचला, मान वर करून बाईंकडे पाहिलं आणि मग पुढच्या शब्दाकडे वळली. कोंबडी पाणी पिते तसं तिचं वाचन चालायचं. चोच खाली, मान वर. बाईंना आता त्याची सवय झाली होती. पोरीला शाबासकीची भूक आहे, असं त्या स्वतःला सांगायच्या, आणि ती भूक भागवताना त्यांनी कधी हात आखडता घेतला नव्हता.

"माकड... झाडाला..."

बाई गप्प राहिल्या.

"झाडाखाली..." भिंगरीने वर पाहिलं.

बाई तरीही गप्पच.

"झाडावर. माकड झाडावर बसलं."

"बसलं! शाब्बास गं माझी राणी!" बाईंनी हातातली पेन्सिल टेबलावर आपटली. माकड नव्हे, जणू त्याच झाडावर चढल्या होत्या.

वर्गात एवढं कोण थांबलं असतं? पन्नास पोरं बाकांवर चुळबुळत असताना एका शब्दासाठी तीनदा वाट बघायची म्हणजे तास तिथेच संपायचा. बाईंनी उभा जन्म त्या पन्नास डोक्यांसमोर काढला होता. कोण पुढे गेलं, कोण मागे राहिलं, हे त्यांना वर्षअखेरीला कळायचं, तेही ढोबळ. एकाच मुलाशेजारी बसून त्याचा श्वास ऐकत शिकवणं म्हणजे काय, हे त्यांना निवृत्त झाल्यावर, या एका पोरीमुळे कळलं. आणि कळलं तेव्हापासून त्या येणाऱ्याजाणाऱ्याला तेच सांगत सुटल्या होत्या. खालच्या मजल्यावरची शेजारीण तर जिन्यात बाई दिसल्या की काहीतरी विसरल्यासारखं करून परत घरात शिरायची.

भिंगरी त्यांना मिळाली ती लिफ्टमुळे. इमारतीची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली आणि बाई भाजीच्या पिशवीसकट आत. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस आला, पण सुटीचा दिवस असल्यामुळे लेकीला बरोबर घेऊन आला होता. तो वर यंत्राच्या खोलीत खटपट करत असताना मुलगी जिन्यावर बसून होती. बंद दाराआडून बाईंनी तिला नाव विचारलं, वर्ग विचारला, आवडतं फळ विचारलं. बाहेरून चकार शब्द नाही. शेवटी दार उघडलं तेव्हा बापच ओशाळून म्हणाला, "ती बोलत नाही, बाई. घरी चालतं तोंड. शाळेचं नाव काढलं की कुलूप."

लहानपणी अंगणात गोल गोल फिरायची म्हणून तिचं नाव भिंगरी पडलं होतं. आता ती कुठे बसवली की तिथेच असायची. आई कापड गिरणीत पाळीवर, बाप दिवसभर कुणाच्या ना कुणाच्या लिफ्टच्या खड्ड्यात. दुसरीचं वर्ष सुरू झालं तरी मुलीला एक ओळ वाचता येत नव्हती. बाईंनी तिला रोज आपल्या घरी शिकायला पाठवायला सांगितलं.

पहिल्याच दिवशी बाईंच्या तोंडून सवयीने "चूक" निघालं, आणि भिंगरीने दोन्ही तळहात कानांवर दाबले. घट्ट. तास संपेपर्यंत काढले नाहीत. वर्गात तिच्याबरोबर काय चालतं ते बाईंना तेवढ्यावरून समजलं. त्या दिवशी त्यांनी ठरवलं, या टेबलावर तो शब्द पुन्हा उच्चारायचा नाही. चुकलं तर गप्प बसायचं आणि वाट बघायची. चुकणाऱ्याला वेळ दिला की तो आपोआप वाटेवर येतो, हा बाईंचा नवा सिद्धांत होता, आणि भिंगरीने तो अक्षरशः रोज खरा करून दाखवला. महिन्याभरात ती बोलू लागली. मग अक्षरं आली, मग शब्द. हल्ली तर ती बाईंच्या घरात शिरताच चपला भिरकावून आधी खुर्ची पकडायची.

एकच दिवस वाईट गेला होता. बाईंनी डोळे तपासून घेतले होते, डॉक्टरांनी थेंब घातले होते आणि घरी जाताना अर्धा चेहरा झाकणारा काळा चष्मा दिला होता. त्या दिवशी भिंगरीला एक शब्द येईना. पाठ झालेल्या पानावरसुद्धा ती ठेचकाळत होती. बाईंना वाटलं, त्यांच्या त्या अवताराला पोर बिचकली. "चोर दिसते का गं मी?" असं विचारून त्यांनी तिला हसवलं आणि पुस्तक मिटून टाकलं. दुसऱ्या दिवशी चष्मा नव्हता. गाडी पुन्हा रुळावर आली.

संध्याकाळी बाप न्यायला आला. हात पुसले होते तरी नखांत काळं तेल होतंच. तो दारातच उभा राहिला.

"उद्या वाचनाची तपासणी आहे ना, बाई. काय वाटतं तुम्हाला?"

"वाचते ती. माझ्यासमोर वाचते ना, मग तिथेही वाचेल."

"शाळेतल्या बाई म्हणाल्या, नाही जमलं तर मागच्या वर्गात घालू."

"घालतात बरं! काही मागच्या वर्गात जात नाही ती."

बाईंनी हे ठणकावून सांगितलं. पण त्याच शाळेत शिकवलेल्या बाईंना मागचा वर्ग पुरता माहीत होता. शाळेच्या मागे, सायकलींच्या छपराला लागून एक खोली होती. तिथे मुलं मणी ओवायची, चित्रं रंगवायची, मोठी व्हायची. कागदोपत्री ती सोय तात्पुरती होती. तिथून पुढच्या इमारतीत परत आलेलं एकही मूल बाईंना आठवत नव्हतं.

"तुम्ही याल ना उद्या?" बापाने विचारलं. "मला सकाळी सुटका नाही. हॉस्पिटलची लिफ्ट आहे. दुपारपर्यंत पोचतो मी."

"मी नाही तर कोण येणार?" बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकेने त्यांना व्हरांड्यातच अडवलं. कधीकाळी दोघी एकाच खोलीत डबा खायच्या.

"बाई, आत नाही हं सोडता येणार. वरून माणूस आलाय तपासायला. नियम म्हणजे नियम."

"मी कशाला आत येते? इथे उभी राहते. तिला मी दिसले म्हणजे झालं."

वर्गाच्या दाराला वरच्या बाजूला चौकोनी काच होती. बाईंनी पदराने ती पुसली, तरी धूळ आतल्या बाजूला होती ती राहिलीच. आत एकच टेबल मांडलं होतं. तपासनीस तरुण होता, दाराकडे पाठ करून बसला होता, आणि मागून त्याच्या डोक्यावर आत्ताच पडू लागलेला टकलाचा चंद्र दिसत होता. भिंगरी त्याच्यासमोर, दाराकडे तोंड करून. तिचे पाय जमिनीला पोचत नव्हते.

तपासनिसाने एक पान तिच्यापुढे सरकवलं. भिंगरीचे ओठ हलले. थांबले. बाईंचा जीव टांगणीला लागला. काचेतून आवाज येत नव्हता, पान तर त्या माणसाच्या खांद्याआड होतं. भिंगरीने मान वर केली आणि त्याच्या खांद्यावरून थेट काचेकडे पाहिलं.

बाईंनी मान हलवली. वाच, मी आहे.

ओठ पुन्हा हलले. पुन्हा तिने पाहिलं. बाईंनी पुन्हा मान हलवली, या वेळी जरा जोरात, आणि हसल्या. आणि मग पोर सुटलीच. ओठ भराभरा चालू लागले, हात टेबलावर आले, मध्येच एकदा तिने दोन्ही हातांनी हवेत काहीतरी ओढून उघडल्यासारखं केलं. इतक्या वेगाने तिने बाईंच्या टेबलावर कधी वाचलं नव्हतं. दर वाक्याला तिची नजर काचेवर यायची आणि दर वाक्याला बाई मान हलवायच्या. त्यांचे डोळे भरून आले. व्हरांड्यातून जाणाऱ्या शिपायाला त्यांनी दंड धरून थांबवलं आणि म्हणाल्या, "बघ, बघ. याच पोरीला मागे घालायला निघाले होते."

शिपायाने काचेतून पाहिलं. "छान बोलते की," तो म्हणाला आणि पाण्याचा माठ भरायला गेला.

दार उघडून भिंगरी पळत आली आणि तिने बाईंच्या कमरेला मिठी मारली.

"सगळं बरोबर आलं ना?"

"सगळं," बाई म्हणाल्या. "जा, पाणी पिऊन ये."

तपासनीस दारात उभा होता. "तुम्ही हिच्या कोण?"

"शिकवते मी तिला. एकटीला, माझ्या घरी."

"या ना आत." त्याने त्यांना भिंगरीच्याच खुर्चीवर बसवलं. "मुलगी हुशार आहे."

या वाक्यामागून काय येतं हे बाईंना ठाऊक होतं. किती आईबापांना त्यांनी स्वतः ते ऐकवलं होतं. तरी त्या वाट बघत राहिल्या.

"पण तिला वाचता येत नाही."

"असं कसं? आत्ता तर धडाधड वाचत होती. मी बघत होते ना."

"वाचत नव्हती. बोलत होती." त्याने पान त्यांच्यापुढे फिरवलं. वर तळ्याचं आणि बदकाच्या पिल्लाचं चित्र होतं. खाली चार ओळी, पिल्लू वाट चुकतं आणि आई त्याला शोधते, एवढ्याच. "सुरुवातीचे दोन शब्द तिने वाचले. बरोबर वाचले. तिसऱ्याला अडली, माझ्या मागे बघितलं आणि भलताच शब्द बोलली. परत बघितलं. मग काय झालं कोण जाणे, सुटलीच. बदक म्हणे लिफ्टमध्ये अडकलं. आत अंधार झाला. मग तिचे बाबा आले, त्यांनी हाताने दार ओढून उघडलं, तर बदकाशेजारी एक बाई बसल्या होत्या, भाजीची पिशवी घेऊन." तो थोडं हसला. "गोष्ट छान होती. मला थांबवावंसं वाटेना. एवढी खुशीत होती ती."

बाई पानाकडे बघत राहिल्या.

"दर वाक्याला दाराकडे बघत होती," तो म्हणाला. "दारात कुणी होतं का?"

"मी होते."

"तुम्ही काही खुणावत होतात?"

"मला पान कुठे दिसत होतं?" बाईंचा आवाज त्यांनाच परका वाटला. "मी नुसती मान हलवत होते. तिला धीर यावा म्हणून."

तपासनिसाने पेनाचं टोपण लावलं, आणि त्या बारीकशा आवाजाबरोबर बाईंच्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसत गेली. झाडाला, झाडाखाली, झाडावर. तीन शब्द पोरीने पुढे टाकले होते आणि दर वेळी वर पाहिलं होतं. पुस्तकात नाही, वर. पहिल्या दोन शब्दांना बाईंच्या भुवया आवळल्या असणार, तिसऱ्याला मोकळ्या झाल्या असणार. आपल्याला भुवया आहेत हेसुद्धा बाईंच्या कधी ध्यानात आलं नव्हतं. आणि तो काळा चष्मा. अवताराला कसली बिचकते ती! त्या दिवशी तिचं पुस्तकच झाकलं गेलं होतं. "चूक" म्हणायचं नाही म्हणून त्या एवढा ताठा मिरवत होत्या. तोंडाने म्हटलं नव्हतं, एवढंच. इतके महिने पोर त्यांचा चेहरा वाचत होती, आणि त्या विषयात ती पहिल्या नंबराने पास झाली होती.

"पुन्हा एकदा घ्या," बाई म्हणाल्या. "मी फाटकाबाहेर जाऊन उभी राहते. रस्त्यावर. दिसणारसुद्धा नाही."

"घेतो की. पण काय होईल ते तुम्हालाही माहीत आहे."

बाईंच्या डोळ्यांपुढे दोन लहान तळहात आले, कानांवर घट्ट बसलेले. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

"तिला शेजारी माणूस लागतं," त्या म्हणाल्या. "तिच्याच चालीने चालणारं. आत्ता कुठे सापडलंय मला कुठे चुकलं ते. आणखी एक वर्ष द्या. मी शिकवते ना."

"सगळ्यांनाच शेजारी माणूस लागतं, बाई. मी कुठून आणू?"

"मागच्या वर्गात किती मुलं आहेत हल्ली?"

"तीसेक."

"आणि शिकवायला?"

"एक जण. तोही अर्धा दिवस." तपासनिसाने खाली पाहिलं. तो वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर बाईंना भांडायला तरी मिळालं असतं. "सोमवारपासून तिला तिकडे बसवतील. संध्याकाळी तुम्ही शिकवाच. कुणी नको म्हटलंय?"

संध्याकाळी शिकवाच. दिवसभर मणी ओवून आलेल्या पोरीला. बाईंनी पान त्याच्याकडे परत सरकवलं आणि त्या उठल्या.

भिंगरी फाटकाजवळ बापाचा हात धरून उभी होती. तो कामाच्या कपड्यांतच धावत आला होता, छाती अजून भात्यासारखी चालत होती.

"बाबा, मी सगळं वाचलं! मोठ्ठं होतं! त्यात तुम्हीपण होता!"

"मी?" बाप हसला. "पुस्तकात मी कसा आलो गं?"

"होता! बाईंना विचारा. बाई मान हलवत होत्या, सारख्या."

बापाने बाईंकडे पाहिलं. डोकं जरासं कलतं करून, लेकीसारखाच, नुसता त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. आपल्या चेहऱ्यावर त्याला काय दिसतंय हे बाईंना कळत नव्हतं आणि ते बदलणंही त्यांच्या हातात नव्हतं. हळूहळू त्याचं हसू गेलं. त्याने लेकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि उगाच तिचा भांग सारखा केला. एवढ्या लिफ्ट सोडवलेला माणूस, पण आता कुठला खटका दाबायचा ते त्याला सुचत नव्हतं.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"सोमवारपासून."

"सोमवारी काय आहे?" भिंगरी म्हणाली.

मागून सायकलींच्या छपराखालून मुलांचा गलका येत होता. कुणीतरी डबा आपटून ताल धरला होता आणि बाकीची काहीतरी सुरात ओरडत होती. बाईंनी तिकडे पाठ केली. मग त्या भिंगरीपुढे वाकल्या, तिच्या फ्रॉकची सुटलेली गुंडी लावली आणि जमेल तेवढं साध्या आवाजात म्हणाल्या,

"उद्यापासून आपण बसायची जागा बदलायची. मी तुझ्या मागे बसणार. खुर्चीच्या मागे."

"का?"

"असंच. नवीन खेळ."

भिंगरीने विचार केला. तिला तो खेळ मुळीच आवडलेला दिसत नव्हता.

"मग मी बघू कुठे?"

बाईंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि भिंगरीने लगेच मान वर करून त्यांच्या भुवयांकडे पाहिलं.